वाघ, वाळू आणि वैशाख

समुद्र आणि जंगल एकाच परदेशी सहलीत बसवायचं ठरलं की पहिला खोडा घालतो तो वाघ. ताडोब्याने मराठी माणसाला असं काही लाडावून ठेवलंय, की वाघ नसलेल्या जंगलाला तो मनातल्या मनात नुसती ‘झाडी’ म्हणतो. कोथरूडमधल्या एका कुटुंबात गेल्या दिवाळीत अशा सहलीचा विषय निघाला, तेव्हा काकांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, “एवढे पैसे मोजायचे तर जनावर दिसलं पाहिजे.” जनावर म्हणजे कुठलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. काकूंना हवी होती वाळू, आणि त्या वाळूवर काहीही न करता पडून राहायची मुभा. नववीतल्या पुतणीला दोन्ही हवं होतं, शिवाय हॉटेलात वायफाय. आजींची अट एकच: जेवणात काय काय घातलंय ते आधी कळलं पाहिजे. बाबा पैसे देणार होते, त्यामुळे ते काही बोलत नव्हते.

आता वाघाचा हिशेब मांडला तर मोठी पंचाईत होते. जाहिरातीत निळं पाणी आणि हिरवं रान शेजारी शेजारी दाखवणारे बहुतेक देश वाघाच्या बाबतीत कोरडे आहेत. बालीत वाघ होता. नोंद असलेला शेवटचा १९३७ साली मारला गेला. बोर्निओत नाही, मॉरिशसमध्ये नाही, आफ्रिकेत तर कधी नव्हताच. श्रीलंकेच्या झेंड्यावर तलवार घेतलेला सिंह आहे, पण तिथल्या जंगलात सिंहही नाही आणि वाघही नाही. थायलंड-मलेशियात आहेत, ते असून नसल्यासारखे. मलेशियाच्या राष्ट्रीय पाहणीत जंगली वाघांचा अंदाज दीडशेच्याही खाली आला, आणि तिथलं तमन नगारासारखं सदाहरित अरण्य इतकं दाट, की दहा पावलांवर हत्ती उभा असला तरी पत्ता लागू नये. जगातले बहुतेक जंगली वाघ भारतातच राहतात. तेव्हा वाघच हवा असेल तर तिकीट चंद्रपूरचं काढावं आणि पासपोर्ट कपाटात राहू द्यावा. हे पुतणीने मोठ्याने बोलून दाखवलं. त्यानंतर काही दिवस काका तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

तोडगा म्हणून तिनेच बोर्निओ काढलं. खरं सांगायचं तर समुद्र आणि जंगल या जोडीला याच्याइतकं चोख उत्तर सापडणं कठीण. मलेशियाच्या साबा राज्यात सांडाकान नावाचं बंदर आहे. जवळच सेपिलोकला पोरक्या ओरांगउटानांना पुन्हा झाडावर राहायला शिकवणारं केंद्र १९६४ पासून चालू आहे. किनाबातांगान नदीत संध्याकाळी होडी घातली, की काठावरच्या झाडांवर लोंबत्या नाकाची माकडं झोपायला जमलेली दिसतात. सांडाकानहून होडीने सेलिंगान बेटावर जावं, तर तिथे रात्री समुद्रकासवं अंडी घालायला वाळूत येतात. पाहुण्यांनी खोलीजवळ थांबायचं, आणि रेंजरची हाक आली की अंधारात मुकाट्याने मागोमाग जायचं. मे महिन्यात हवाही बरी.

सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात काकूंनी जळवांचा व्हिडिओ पाहिला.

बोर्निओच्या ओल्या रानात दोन तऱ्हेच्या जळवा ठरलेल्या. एक तपकिरी, ती पाचोळ्यात असते आणि बुटावरून वर चढते. दुसरी पानाच्या टोकाला, चांगली मांडी-कमरेच्या उंचीवर, अंग ताणून उभी राहते आणि गिऱ्हाइकाची वाट पाहते. हिच्या अंगावर पिवळे पट्टे असतात, म्हणून तिला सगळे वाघजळू म्हणतात. पहिली चावलेली कळतही नाही, हिचा चावा मात्र झोंबतो. उपाय म्हणून घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात, ते पँटवरून चढवून वर नाडीने आवळायचे. जळू रक्त गोठू न देणारा रस सोडते, त्यामुळे ती पोटभर पिऊन गळून पडल्यावरही रक्त वाहत राहतं. जिवाला धोका नाही. पँट मात्र कामातून जाते. “घ्या, मिळाला तुमचा वाघ,” काकू म्हणाल्या, आणि बोटभर लांबीच्या प्राण्याने जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं बेट यादीतून घालवलं.

वाघ गेला, जळू गेली, मग आला पाऊस.

लोक आधी देश ठरवतात आणि मग तो शाळेच्या सुट्टीत कोंबतात. घोटाळा तिथेच होतो. सुट्टी मे महिन्यात, आणि आपल्याकडे उकाड्याने जीव जात असतो तेव्हाच नैऋत्य मोसमी वारे पूर्वेकडे कामाला लागलेले असतात. फुकेत, क्राबी हा थायलंडचा पश्चिम किनारा अंदमानच्या समुद्रावर आहे. मे ते ऑक्टोबर तिथे पाऊस आणि खवळलेलं पाणी. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरळ बंदच ठेवतात. याच दिवसांतली क्राबीची सहल निम्म्या भावात देऊ करणारा निरोप काकूंच्या फोनवर आला होता. भाव का पडला होता त्याचं उत्तर आभाळात होतं. बरं, पलीकडच्या आखाताच्या बाजूचं को समुई मे महिन्यात ठीक असतं म्हणून दिवाळीलाही तिथेच जावं, तर नोव्हेंबर हा तिथला सगळ्यात ओला महिना. एकाच चिंचोळ्या पट्टीच्या दोन अंगांना दोन वेगळे पावसाळे! मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळची परहेन्तियान बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ मिटलेलीच असतात. केनिया-टांझानियात मार्च ते मे मोठा पाऊस, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा छोटा.

पुतणीला सिनेमात गाजलेल्या माया बेमध्ये डुंबायचं होतं. त्या सिनेमापायी तिथे इतकी गर्दी उसळली की प्रवाळाची वाट लागली. सरकारने २०१८ साली किनारा बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला तो पोहायला मनाई करूनच. म्हणजे काठावर उभं राहून फोटो काढा आणि निघा. ते तर चौपाटीवरही जमतं.

काकांनी उभी हयात बँकेत काढलेली. त्यांनी मुलांच्या जुन्या वहीतला कोरा कागद फाडून तक्ता केला: आडवे देश, उभे महिने, कोरडं असेल तिथे हिरवी खूण आणि ओलं तिथे लाल. मेच्या रकान्यात हिरव्या खुणा मोजक्याच उरल्या. त्यातलं बोर्निओ आधीच गेलं होतं. बाली सोसायटीतले सगळे करून आले होते. त्याच झोक्यावर बसून तोच फोटो काढण्यात काकूंना राम वाटेना. (परदेश निवडताना शेजारी कुठे जाऊन आले याला हवामानाइतकंच वजन असतं, पण हे तक्त्यात मांडता येत नाही.) कोस्टा रिकाच्या रकान्यात लालच होतं. तरीही, १९४८ साली सैन्य मोडीत काढलेला आणि आठवड्यातून एकदाच शौचाला झाडावरून खाली उतरणारा स्लॉथ सांभाळणारा देश बाबांना फार आवडला. ते प्रथमच बोलले. विमानभाडं पाहिल्यावर पुन्हा गप्प झाले.

काकांचा जीव केनियात अडकला होता. लाल खूण असूनही ते सारखे तिकडे वळत. नैरोबीहून मोंबासाच्या समुद्राकडे जाणारी नवी रेल्वे २०१७ साली सुरू झाली, ती त्साव्होच्या रानातून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात, हे त्यांनी दिवाणखान्यात वाचून दाखवलं. भरात येऊन त्यांनी हेही वाचलं, की जुन्या रेल्वेचा पूल बांधताना १८९८ साली दोन नरभक्षक सिंहांनी कित्येक महिने हैदोस घातला होता, आणि त्यांनी ओढून नेलेल्यांत हिंदुस्थानातून आणलेले मजूर होते.

“म्हणजे आपलीच माणसं खाल्ली,” आजी म्हणाल्या, “आणि आपण पैसे देऊन त्यांची नातवंडं बघायला जायचं?”

तरी सिंहांवर त्या एक वेळ विरघळल्या असत्या. अडलं ते लशीवर. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं. साठी उलटलेल्यांना मात्र डॉक्टर ही लस विचार करूनच देतात. एवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं, पण ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, हे पुतणीने मधेच सांगून टाकलं. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या आजींनी हातातली भाजी खाली ठेवली. “खायचं नाही ते टोचून घ्यायचं?” केनिया तिथेच संपलं.

मॉरिशस हरलं ते मात्र अन्यायाने. मे महिन्यातली हवा छान, व्हिसाची कटकट नाही, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणारा देश, आणि एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर गेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज आजही तिथे आपल्याला मराठी म्हणवतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ साली जंगलात अवघा चारच उरला होता, तो माणसांनी हट्टाने वाचवला; त्याची गोष्ट वाघाच्या कुठल्याही गोष्टीच्या तोडीची आहे. पण त्या बेटावर मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. “आपल्या पिंपळावर लटकलेली काय आहेत?”

उरली श्रीलंका, तीही अर्धी. गाले, मिरिस्सा ही सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं नैऋत्य-दक्षिण किनाऱ्यावरची; मे महिन्यात पाऊस तिथेच येऊन आदळतो. पण मधले डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की त्रिंकोमालीचा हंगाम नुकता सुरू होत असतो. निलावेलीची लांबलचक वाळू आणि शांत पाणी पाहून काकूंनी त्याच संध्याकाळी टोपी विकत आणली. कड्यावरचं कोणेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं होतं, ते पुन्हा उभं राहिलंय. शेजारच्या खडकातली खोल फट रावणाने तलवारीने पाडली असं सांगतात. यावर आजींची संमती मिळाली.

काका अडून बसले. विल्पट्टूच्या जंगलात बिबटे आहेत म्हटल्यावर ते हसले. बिबट्या बघायला समुद्र ओलांडायचा? जुन्नरला उसात एसटीच्या भाड्यात दिसतो! पण पुतणीने या वेळी तयारी केलेली होती. आपल्याकडचा बिबट्या वाघाला टरकून, माणसाला चुकवून, रात्रीचा वावरतो. लंकेत वाघ नाही, सिंह नाही. तिथे बिबट्याच्या वर कुणी नाही. म्हणून तो दिवसाढवळ्या वाटेवर येऊन आडवा होतो. काका बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले. ज्या वाघाने सगळे देश बाद केले, त्याच्याच गैरहजेरीने हा देश पास झाला.

जेवणाचं पुतणीने बारकाईने पाहिलं. तिथला पोळ सांबोळ दिसायला थेट आपली ओल्या खोबऱ्याची चटणी: खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू. पण त्यात बहुतेक वेळा मालदीवच्या माशाचा चुरा असतो. हा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला. खोबऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा आजींनी आधी विचारायचं, आणि काकूंनी आजींचं उरलेलं संपवायचं, असं ठरलं. त्रिंकोमालीत तमिळ वस्ती मोठी, त्यामुळे इडली-डोशाची चिंता नव्हती.

तिकिटं काढून झाली. परत न मिळणारी, कारण तीच स्वस्त. मग आजींनी भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं आणि तारखांवर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, “अरे, पोचल्यावर लगेच बुद्धपौर्णिमा आहे.”

लंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद. वैशाखातली पौर्णिमा तर सगळ्यात मोठी, तिची सुट्टी दोन दिवस. समुद्रकाठी, संध्याकाळी, थंडगार ग्लास हातात, असं एक चित्र बाबांनी कुणाला न सांगता रंगवलेलं असावं, कारण तिकिटाची तारीख बदलायला किती पडतात हे त्यांनी फार घाईने विचारलं. रक्कम ऐकून ते खाली बसले. पुतणी वाचत होती: घरोघरी कागदाचे आकाशकंदील, रस्त्यावर रोषणाई, आणि जागोजागी मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण. दन्सल म्हणतात त्याला. भात देतात, सरबत देतात, कुठे कुठे आइस्क्रीमसुद्धा.

“फुकट?” काकांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला. “आणि परक्या देशातल्या माणसालाही देतात?”