जिनेवाले प्राध्यापक

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात ‘मुलं एकटी पडताहेत, वसतिगृहांचं काहीतरी केलं पाहिजे’ अशी कुजबुज सुरू झाली, की हे गृहस्थ हातातलं काम टाकून उठतात. तरुणपणी कधीतरी ऑक्सफर्डला राहून आलेले. सामान परत आणलं, मन तिथल्या भोजनगृहातच विसरले.

त्यांचं म्हणणं तसं वावगं नाही. अवाढव्य विद्यापीठाची चारेकशे जणांची निवासी कॉलेजं करायची. प्रत्येकात नवखी आणि जुनी, गणितवाली आणि नाटकवाली पोरं मिसळायची. वर वसतिगृह खात्याचा साहेब नको, तिथंच बिऱ्हाड थाटून राहणारा प्राध्यापक हवा. मला स्वतःला हे शंभर टक्के पटतं. पटत नाही ते त्यांच्याबरोबर समितीवर बसणं.

कारण साधं ‘चादरी कोण धुणार?’ असं विचारलं, तरी ते हार्कनेसपासून सुरुवात करतात. एडवर्ड हार्कनेस हा येलचा माजी विद्यार्थी. अशा कॉलेजांसाठी थैली घेऊन तो आधी येलच्याच दारात गेला. तिथला घोळ काही मिटेना, तेव्हा त्यानं हार्वर्डचा रस्ता धरला. हार्वर्डची पहिली हाउसेस 1930 मध्ये उघडली, येलची कॉलेजं 1933 मध्ये. विद्यापीठांनी चर्चेत वेळ दवडू नये, हे आमच्या मनावर बिंबवण्यासाठी ही हकिकत ते दर बैठकीत पाऊण तास सांगतात.

पण त्यांचा खरा जीव जिन्यात. लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं, हे त्यांच्या मते हॉटेल. उभा जिना आणि मजल्यागणिक दोन-चार खोल्या, हे कॉलेज. एका जिन्यानं चढणारी माणसं एकमेकांना ओळखतातच! आर्किटेक्टनं नकाशा पसरला, की यांची लाल पेन्सिल आधी बोळांवर फिरते. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला, मला राहवेना.

“आमची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत होती,” मी म्हणालो, “पण कुणाकडे बोंबील तळताहेत ते सबंध मजल्याला कळायचं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आणि संडास?”

“टोकाला. सगळ्यांचे मिळून.”

वहीत काहीतरी टिपलं गेलं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय होता : ‘सामाईक शौचालयं : मुंबईचा अनुभव’. बोलणार कोण, हे मला न विचारताच छापलं होतं.

मग कॉलेजची घटना आली. येलनं 2016 साली प्रमुखाचं ‘मास्टर’ हे पदनाम काढून ‘हेड’ केलं, हार्वर्डनं त्याच वर्षी ‘फॅकल्टी डीन’. म्हणजे आम्हाला तिसरं काहीतरी शोधणं आलं. त्यात एक अख्खं सत्र गेलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कित्येक कॉलेजांत हिरवळीवरून चालण्याचा मान फक्त फेलोंचा. तसं कलम इथंही हवंच. हिरवळ अजून पेरायची होती. कलम मंजूर झालं. मानचिन्हावर घुबड की अस्वल, यावर दोन सन्माननीय सदस्यांचं बोलणं जे बंद झालं, ते आजतागायत.

कॉलेज एकदाचं उघडलं. चाळीस कलमं काचेत लावली. ती कुणी वाचली नाहीत. पोरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात मायक्रोवेव्हवर एक चिठ्ठी डकवली : ‘मासे गरम करू नका. केलेच, तर सगळ्यांना द्या.’ आणि नवल म्हणजे ती सगळे पाळायला लागले.

प्राध्यापकमहाशय तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी ती हलक्या हातानं सोडवली, एकेचाळिसावं कलम म्हणून मांडली आणि तिच्या लॅटिन भाषांतरासाठी उपसमिती नेमली. मायक्रोवेव्हवर तोवर दुसरी चिठ्ठी लागली होती : ‘पहिली चिठ्ठी कुणी चोरली?’