मंडूकपालक गृहस्थ

न्यू जर्सीतील मराठी मंडळींमध्ये ज्यांचे दोन-चार गणेशोत्सव पार पडले आहेत, त्यांना मंडूकपालक गृहस्थाची ओळख करून देण्याची गरज नाही. आरती संपून प्रसाद हाती पडण्यापूर्वीच त्याने त्यांना गाठलेले असते. पन्नाशी ओलांडलेला, संगणक क्षेत्रात बऱ्या हुद्द्यावर असलेला आणि एरवी मितभाषी गणला जाणारा हा गृहस्थ घरात विषारी बेडूक बाळगून असतो, आणि ते विषारी आहेत हे ऐकून समोरच्याच्या हातातील मोदक थबकला, की ते मुळीच विषारी नाहीत हे सिद्ध करण्यास तो पाऊण तास घेतो.

त्याचे प्रतिपादन असे, की डार्ट फ्रॉग, म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील भडक रंगांचे चिमुकले बेडूक, आपले विष स्वतः तयार करीत नाहीत, तर मुंग्या व माइट नावाचे सूक्ष्म अष्टपाद जीव खाऊन ते गोळा करतात आणि कातडीत साठवतात. त्यामुळे कोलंबियातील एंबेरा लोक ज्याच्या पाठीवर फुंकनळीच्या बाणांची टोके घासत, तो ‘फिलोबेटिस टेरिबिलिस’ हा जहाल बेडूकदेखील काचेच्या पेटीत जन्मून फळमाश्यांवर वाढला, तर निर्विष निपजतो. माहिती खरी आहे आणि रंजकही आहे, परंतु ती केवळ प्रस्तावना असते. मुख्य विषय आर्द्रता हा होय.

बेडकांच्या पेटीला, अर्थात टेरेरियमला, तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर लागतो, त्यावर जाळी, त्यावर साल, कोळसा व नेच्याचे तंतू यांची मिश्रमाती, वर वाळलेली पाने आणि शेवाळ. आणि हे सगळे जमले तरी हवेतील बाष्पाचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास टिकले नाही, तर केलेल्या कष्टांवर पाणी पडते, किंबहुना पडत नाही. या चिंतेने मंडूकपालकाच्या संभाषणशक्तीवर कायमचा परिणाम झालेला असतो. ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाला तो ‘ब्याऐंशी’ असे उत्तर देतो. गृहकर्जाचा दर साडेसहा टक्क्यांवर गेल्याची तक्रार कोणी केली, तर तो दचकून म्हणतो, ‘साडेसहा? मरतील ते!’ जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेने घरातील माणसांचे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि बेडकांवर मात्र ठरल्या वेळी धुक्यासारखा तलम फवारा उडत असतो. ‘अहो, एकदा माझ्याही अंगावर मारा की,’ असे पत्नीने म्हटले असता, ते क्षारमुक्त पाणी आहे, महाग पडते, असे त्याने गंभीरपणे समजावल्याचे सांगतात.

अन्नाचा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो. उडण्याची शक्ती नसलेल्या फळमाश्यांची पैदास बटाट्याचा भुगा व यीस्ट घातलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत केली जाते आणि बेडकांना देण्यापूर्वी त्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवल्या जातात. उडता न येणाऱ्या माशीला चालता उत्तम येते, हे पाहुण्यांना पांढरी माशी श्रीखंडाच्या वाटीच्या काठावर दिसली, की कळते. अशा वेळी यजमानाला हळहळ वाटते ती वाया गेलेल्या कॅल्शियमची.

यात पुढे सरड्याची भर पडते. येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलियनचे, म्हणजे कोकणातील घोयऱ्याच्या परदेशी भाऊबंदाचे, हे पिल्लू जाळीच्या हवेशीर पिंजऱ्यात एकटेच राहते, वाटीतले पाणी ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटते, आणि एक डोळा किड्यावर व दुसरा मालकावर ठेवते. त्याला दिवसा कोरडी व रात्री दमट हवा मानवत असल्याने मंडूकपालकाच्या संभाषणात आता दोन जादा आकडे आलेले असतात. शॅमेलियनचा रंग आसपासच्या पानांशी जुळवून घेण्यापेक्षा त्याचा ताण, राग वा ऊब अधिक दाखवतो. मालक जवळ आला, की हे पिल्लू काळपट होते. मालक याला ओळख दाखवणे म्हणतो.

वस्तुतः यांपैकी एकही प्राणी त्याने आणलेला नसतो. बेडूक मुलाने हायस्कूलमध्ये असताना आणले, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ इथपासून ‘एक तर ते राहतील नाही तर मी’ इथपर्यंत सर्व वाक्ये याच गृहस्थाने उच्चारली होती. सरडा कॉलेजला जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात आला, तेव्हा अबोला धरला होता. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत. मुलगा सूचनांचा एक कागद काचेवर चिकटवून निघून गेला. या बेडकांतील नर अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना पाठीवर घेऊन पानाच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यापर्यंत नेऊन सोडतो. हे दृश्य मंडूकपालकाने काचेला नाक लावून पाहिलेले असते, आणि बाकी सारे सांगणारा हा माणूस ते मात्र गणेशोत्सवात कोणाला सांगत नाही.

रोज रात्री मुलाचा फोन येतो. ‘जेवलास का?’ याला ‘हो’ आणि ‘अभ्यास?’ याला ‘चालू आहे’ एवढ्यावर जे बोलणे आटोपले असते, ते ‘बाबा, किती?’ या प्रश्नावर वीस मिनिटे चालते. मंडूकपालकाने पंप, दिवे, टायमर, नाना तऱ्हेचे नळ विकत घेतलेले असतात. केवळ आर्द्रतेचा आकडा थेट मोबाइलवर पाठवणारे, मुलानेच वाढदिवसाला धाडलेले छोटेसे यंत्र न उघडता खणात पडून असते. ‘ती यंत्रे पाच-पाच टक्क्यांनी चुकतात,’ असा त्याचा खुलासा असतो. पत्नी त्यावर काही बोलत नाही; यंत्र बिघडलेले निघाले, दुसरे पाठवू नकोस, असे तिने मुलाला केव्हाच कळवून टाकलेले असते.