रुपयाएवढ्या जागेतला कारखाना

व्हिजिटिंग कार्ड साधारण साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद असते. नाव, हुद्दा, दोन मोबाइल, ईमेल, जीएसटी नंबर आणि ‘अमुक हॉस्पिटलच्या मागे’ असा पत्ता बसवला की लोगोला रुपयाच्या नाण्याएवढी जागा उरते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या नव्या कारखानदाराला तेवढ्यात गिअर हवा असतो, उगवता सूर्य हवा असतो, मुलांची आद्याक्षरे हवी असतात आणि पृथ्वीचा गोलही. माल अजून सिन्नरपलीकडे गेलेला नसला तरी.

शेतमालाच्या धंद्यात गिअरच्या जागी द्राक्षाचा घड येतो. स्क्रीनवर त्याच्या मण्यामण्यावर चकाकी दिसते. कार्डावर जांभळा डाग उमटतो. सुला कंपनीने वाइन विकायला द्राक्षाऐवजी मिशीवाला सूर्य घेतला, हे उदाहरण डिझायनर हमखास देतो. त्यावर उत्तरही ठरलेले असते : “मग सूर्यपण टाका ना, भाऊ.”

दुसरा युक्तिवाद खास नाशिकचा. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये कित्येक दशकांपासून टपाल तिकिटे छापतात. तिकिटावर अख्खे स्मारक मावते, मग कार्डावर गिअर का मावू नये? तिथली यंत्रे आणि कागद वेगळे, हे सांगून उपयोग नसतो, कारण गिऱ्हाइकाने हजार कार्डांचा भाव आधीच पाडून घेतलेला असतो.

काही चित्रांना कायद्याचीच मनाई आहे. दुकान अशोकस्तंभ चौकात असले तरी सिंहमुद्रा कार्डावर घेता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्रही धंद्यासाठी मनाला येईल तसे वापरता येत नाही. चिन्हे-नावांच्या गैरवापराविरुद्धचा 1950 चा कायदा त्याच्या आड येतो. वर्तुळातला ‘आर’ ट्रेडमार्कची नोंदणी झाल्यावरच लावायचा असतो. तो शोभेसाठी मागणारे बरेच.

चांगला लोगो आधी काळ्या-पांढऱ्यात करावा, कारण तोच पुढे बिलबुकावर, रबरी शिक्क्यावर आणि खोक्यावर जायचा असतो. मालकाला मात्र वाटते, डीटीपी ऑपरेटर रंगाचे पैसे वाचवतोय. मग कोरलड्रॉमध्ये रंग भरले जातात आणि नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांकडे जातो. मेहुण्याला तो कुठल्यातरी बँकेच्या लोगोसारखा वाटतो. सीए अक्षरे मोठी करायला सांगतो. वास्तुतज्ज्ञांच्या मते बाण ईशान्येकडे जायला हवा. खिशातल्या कार्डाची ईशान्य कुठली, हे ते सांगत नाहीत. सगळ्यांचे मान राखता राखता ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘फायनल लास्ट’ अशा फायली साठतात, आणि पसंत पडतो तो बहुधा पहिलाच.

छपाईत आणखी एक गंमत होते. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, कागदावरचा चार शायांचा. त्यामुळे झळझळीत केशरी थोडा मळूनच येतो. शिवाय स्वस्तातली कार्डे एकाच मोठ्या शीटवर अनेक गिऱ्हाइकांची मिळून निघतात. वरच्या केटरिंगवाल्यासाठी लाल वाढवला, की खालचा हिरवा सौरऊर्जावालाही तांबूस होतो. मॅट लॅमिनेशनने हे झाकले जात नाही, कार्ड फक्त महाग दिसते.

मूळ फाइल डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर राहते; मालकाकडे असतो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा धूसर फोटो. दोन वर्षांनी गेटवर बोर्ड लावायची वेळ येते, तेव्हा डीटीपीवाल्याने दुकान बदललेले असते. नवा ऑपरेटर कार्ड स्कॅन करून लोगो पुन्हा गिरवतो. त्यात गिअरचा एखादा दात कमी होतो, आणि मेहुण्याला हा आधीच्यापेक्षा बरा वाटतो.