शेटजी, छावणी तुमचीच

सैन्याच्या कोठारांना शिस्त लावायची तर ती शेटजींच्या हाती द्यावीत, असं आपल्याकडच्या सुज्ञांनाही आता वाटू लागलंय. जिने हे आधी करून पाहिलं, त्या अमेरिकेची हकिगत त्यांच्या कानावर घालतो.

1991च्या आखाती युद्धात अमेरिकेने सुमारे 40,000 कंटेनर वाळवंटात नेऊन उतरवले. आत काय आहे याचा पत्ता नसल्याने निम्म्याहून अधिक उघडून पाहावे लागले. लग्नघरात अहेराची पाकिटं लिहून घेणारा वहीवाला काकाही याहून चोख असतो.

मग ठरलं, सरकारी खाक्या बास. हॉटेलांना जसा एक घाऊक व्यापारी माल घालतो, तसा सैन्यालाही एकच मुख्य पुरवठादार. छावणीने मागणी नोंदवायची, त्याने माल थेट दारात टाकायचा. सरकारी गुदामांतला जुना साठा त्यामुळे खरोखर घटला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

2005मध्ये अफगाणिस्तानातल्या सैन्याला जेवणखाण पुरवण्याचं कंत्राट सुप्रीम फूडसर्व्हिस या कंपनीला मिळालं. सरकारने व्यापारी पद्धत मागितली होती, कंपनीने ती पुरेपूर दिली. ताज्या भाज्या, फळं अमिरातीतल्या एका मधल्या कंपनीकडून ‘विकत’ घेतली जात. कोबी या खिशातून त्या खिशात गेला की त्याचा भाव चढे. कारण मधली कंपनी यांच्याच मुठीत होती, तेवढं सरकारला सांगायचं राहून गेलं! बाटलीबंद पाण्याचे भावही असेच फुगवले होते. बरं, घाऊक मालावर मिळालेली सूट सैन्यापर्यंत पोचवायची सोडून स्वतःकडेच ठेवल्याचाही आरोप झाला. डिसेंबर 2014मध्ये कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि सगळी प्रकरणं मिळून 43 कोटी 40 लाख डॉलर भरायला ती तयार झाली.

आपण हसायला नको. आपल्या जवानांच्या शिध्याबद्दलचा महालेखापरीक्षकांचा 2010-11चा अहवाल काढून वाचा. मूळ मुदत उलटून गेलेला शिधा मुदत वाढवून खाऊ घातल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे शेटजी भाव वाढवतात, साहेब तारीख वाढवतात. जवान दोन्हीकडे ताट पुढे करून उभा.

तेव्हा साहेब, कंत्राट शेटजींना खुशाल द्या. फक्त बिलाबरोबर मूळ खरेदीची पावती मागणारा एक खत्रूड कारकून नेमा, आणि त्याची बदली करू नका.