चुन्यातला 'चु'

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात जो ताठा चढतो, तो पाहायचा असेल तर पुण्यातल्या कुठल्याही जपानीच्या वर्गाबाहेर उभं राहावं. अक्षरं अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी चालतात. आपल्या वर्णमालेचा हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या विद्येबरोबर तिकडे पोचला, ही गोष्ट खरीच आहे. एवढं कानावर पडताच माझ्या बाकावरच्या काकांनी निकाल दिला, "म्हणजे भाषा आपलीच!" त्यात 'त्सु' आला. यावर इंग्रजांची जीभ अडखळते. आपण चमच्यातला नि चुन्यातला 'च' बाळपणापासून म्हणतोय. जपानीत डबाबंद ट्यूना माशाला 'त्सुना' म्हणतात, म्हणजे उच्चारात थेट आपला पानाला लावायचा चुना. काकांना शाबासकी मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात काताकाना आली आणि तोच चुना काकांना लागला.

ही लिपी मुख्यतः परकी शब्द लिहायची. नवव्या शतकात चिनी ग्रंथ वाचताना भिक्षूंनी ओळींच्या कडेला टिपा काढल्या आणि वेळ वाचावा म्हणून चिनी अक्षरांचे नुसते तुकडे लिहिले. त्यांचा वेळ वाचला, आमचा गेला. 'शि' म्हणजे डावीकडे एकाखाली एक दोन आडव्या चिमट्या आणि खालून वर उजवीकडे मारलेला फरकाटा. 'त्सु' म्हणजे वर शेजारीशेजारी दोन उभ्या चिमट्या आणि वरून खाली डावीकडे ओढलेला फरकाटा. प्रत्येकाची एक चिमटी काढून घ्या, 'शि'चा 'न्' होतो आणि 'त्सु'चा 'सो'. 'सो'ची उरलेली चिमटीही उडवा, 'नो' हजर. कुंचल्याने लिहिताना फरकाटा जाड सुरू होतो नि निमुळता संपतो, त्यामुळे हात कुठून कुठे गेला ते दिसतं. काकांच्या बॉलपेनाला दोन्ही टोकं सारखीच.

"एकच अक्षर आहे हो," काका म्हणाले, "दुसरं जरा कलंडलंय."

मग त्यांनी वहीत मोठ्या झोकात 'त्सुना सँडविच' लिहिलं. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, वाचलं, 'शिना सँडविच'. शिना हे चीनचं जुनं नाव, चिनी माणसाला न रुचणारं. महायुद्धानंतर जपानी सरकारनेही ते टाळलं. काकांनी मात्र ते पावात घालून वर्गात वाढलं. पावाचं तर विचारूच नका. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, तसा जपान्यांना 'पान्' दिला. काकांच्या हातून त्याचा 'पासो' झाला. आणि संगणकाला जपानी लोक म्हणतात 'पासोकोन्'. एकाच शब्दात 'सो' आणि 'न्' दोन्ही! काकांनी 'पान्कोसो' लिहिलं. तेव्हापासून वर्गात काकांचं हेच नाव आहे.

"आपल्या देवनागरीत असला घोळ नाही," काका उसळले. मागच्या बाकावरच्या मुलीने उठून फळ्यावर एक शब्द लिहिला. काकांनी ठणकावून वाचला, "खा." तिने 'रवा' लिहिला होता. र आणि व जरा सलगीने उभे राहिले, एवढंच. जुन्या छापातला ख तसाच दिसायचा, म्हणून तर पुढे त्याचे पाय खाली जोडावे लागले. आणि 'धर' आणि 'घर' यांतला फरक डोक्यावरच्या एका रेघेवर उभा आहे, हे काका साठ वर्षं सोयीस्करपणे विसरले होते.

काका आता रोज पहाटे उठून दोन-दोन पानं 'शि' आणि 'त्सु' घोटतात. काकू म्हणतात, भिंतीवरच्या पालीसुद्धा त्यांना आता 'नो' वाटतात. मेहनत सार्थकी लागो.

इच्छुकांसाठी सूचना: जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते. तीत हाताने एकही अक्षर लिहायचं नसतं, गोळे काळे करायचे असतात. पेन्सिल एचबी आणावी.