साउंडभाऊंची मधली खुर्ची

बोईसर स्टेशनावरून नवापूरकडे निघालं, की एमआयडीसीचा वास हळूहळू मागे पडतो आणि खारा वारा लागतो. या रस्त्यावर कंपन्यांच्या बस दिसतात, सुटलेली शिफ्ट दिसते, मासळीच्या पाट्या दिसतात. साउंडभाऊ दिसत नाहीत. ते कुठल्या तरी गल्लीत, कुणाच्या तरी घरी, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली असतात. बाहेर राहिलेले दोन तळवे आणि आतून येणारा प्रश्न, एवढ्यावरून त्यांना ओळखायचं असतं. प्रश्न ठरलेला: "आता मागून येतोय का?"

घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. येतोय म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर जेवणाची वेळ टळते. शेवटी यजमान म्हणतात, "येतोय भाऊ, मस्त येतोय."

"कसा येईल?" टेबलाखालून उत्तर येतं. "मी अजून पिनच लावली नाही."

साउंडभाऊ हा काही एकटादुकटा माणूस नव्हे. पालघरपासून डहाणूपर्यंत कुठल्याही गावात विचारा, एक तरी निघतोच. नवापूरच्या साउंडभाऊंची नोकरी तारापूर एमआयडीसीत, मेंटेनन्सला. पंपाला कान लावून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात ते सहसा चुकत नाहीत. आठ तास यंत्रांचा गोंगाट ऐकलेला माणूस घरी आल्यावर शांतता शोधेल, असं कुणालाही वाटेल. साउंडभाऊ घरी येऊन सहा स्पीकर सुरू करतात. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीतला आवाज सगळीकडून येतो खरा, पण त्यात सेटिंग नसतं.

गिऱ्हाइकांच्या घरची कथा बहुतेक सारखीच. दिवाळीत ५.१ चा सेट येतो. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून चार-पाच आकडी वॅट छापलेले असतात. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर, एखाद्या फार आशावादी माणसाने काढलेली ताकद; खरी ताकद आरएमएसमध्ये मोजतात, आणि ती मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लपलेली असते. "पाच हजार वॅट खरंच निघाले असते," साउंडभाऊ समजावतात, "तर तुमचं मीटर पंख्यासारखं फिरलं असतं." हे ऐकून वहिनी आधी स्विच बंद करतात आणि मग चहाचं विचारतात.

मुख्य तक्रार एकच: स्पीकर सहा, वाजतात दोन. त्याचं कारणही बहुधा एकच. सेटला तीन पिना असतात आणि घरच्यांनी फक्त हिरवी लावलेली असते. अशा एका पिनेतून डावा आणि उजवा असे दोनच चॅनेल जातात, म्हणून सहा चॅनेलना तीन पिना. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. ज्या मदरबोर्डला मागे निळं, हिरवं आणि गुलाबी अशी तीनच भोकं असतात, तिथे खरी परीक्षा. बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये सांगितलं, की निळं भोक मागच्या स्पीकरांचं होतं आणि गुलाबी, जे एरवी माइकचं, ते सेंटर आणि सबवूफरचं. म्हणजे काळी पिन निळ्यात आणि नारिंगी गुलाबीत. बालवाडीत रंगांच्या जोड्या लावून बक्षीस मिळवलेला मुलगा इथे नापास होतो. लॅपटॉपला तर एकच भोक. त्यासाठी साउंडभाऊंच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, यूएसबीचं छोटं साउंड कार्ड कायम असतं.

नवापूरचं एक दुखणं मात्र कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही. ते म्हणजे खारी हवा. पिनेवर हिरवट थर चढतो, डावा स्पीकर खरखरतो, उजवा मध्येच गप्प होतो. शहरातला जाणकार अशा वेळी ड्रायव्हर बदलायला सांगतो, विंडोज नवीन टाकायला सांगतो. साउंडभाऊ पिन उपसतात, रुमालाने पुसतात, दोनदा गोल फिरवून परत बसवतात. आवाज येतो. त्या घरात मग त्यांच्याबद्दल जो आदर निर्माण होतो, तो कंपनीत वीस वर्षं काढूनही त्यांना मिळालेला नाही.

पिना बसल्या तरी अर्धंच काम झालेलं असतं, कारण घरात दोनच स्पीकर आहेत असं विंडोजला अजूनही वाटत असतं. मग साउंड, प्लेबॅक, कॉन्फिगर अशा पायऱ्या उतरून ५.१ निवडायचं. पडद्यावर खोलीचं चित्र येतं आणि ज्या स्पीकरवर क्लिक करावं तो वाजतो. टिंग. पुढचा डावा. टिंग. मागचा उजवा. हा साउंडभाऊंचा लाडका क्षण. गाण्यापेक्षा त्यांना हा टिंग आवडतो, कारण तो कुठून यायला हवा ते आधीच ठरलेलं असतं. जुनी गाणी मोनो, सगळ्या वाद्यांना मिळून एकच चॅनेल. सहा स्पीकरांच्या माणसाला तिथे करण्यासारखं काही नाही. साउंडभाऊंच्या आईंना नेमकी तीच गाणी हवी असतात.

खिसा मोठा असेल तिथे रिसीव्हर येतो. साउंडभाऊ सांगतात, ऑप्टिकल केबलच्या लाल उजेडातून साधे दोन चॅनेल जातात. सहा पाठवायचे तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून पाठवावे लागतात. डीव्हीडीवरचा आवाज दाबलेलाच असतो, पण गेमचा आवाज त्या क्षणी जन्मतो, त्याला दाबणार कोण? म्हणून एचडीएमआय, ज्यातून आठ चॅनेल न दाबता जातात. फक्त ग्राफिक्स कार्डाची ती केबल रिसीव्हरला लावली, की कॉम्प्युटर रिसीव्हरलाच दुसरा पडदा समजतो. माउसचा बाण उजवीकडे जातो आणि दिसेनासा होतो. जीएसटीच्या शेवटच्या तारखेला बोईसरच्या एका व्यापाऱ्याची एक्सेल शीट अशीच त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसली. व्यापारी घामाघूम. "शीट येईल हो," साउंडभाऊ म्हणाले, "तुम्ही आधी मधल्या स्पीकरचा आवाज ऐका." पुढे त्यांनी दोन्ही पडदे 'डुप्लिकेट'वर टाकले आणि शीट परत आली. मधल्या स्पीकरबद्दलचं मत व्यापाऱ्याने अजून कळवलेलं नाही.

काम संपलं की चहा, आणि चहाबरोबर इतिहास. डिस्नेने १९४० साली 'फँटासिया'साठी 'फँटासाउंड' काढलं, इथून सुरुवात. मग १९७५ चा 'शोले', सत्तर एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाज. नाणं पडल्याचं ऐकून माणसं खुर्चीखाली शोधायला वाकली, असं सांगतात. मग १९९३ चा 'जुरासिक पार्क'. हा साउंडभाऊंच्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण त्याचा डीटीएस आवाज फिल्मच्या पट्टीवर नव्हताच. पट्टीवर फक्त टाइमकोड, आणि आवाज वेगळ्या सीडीवरून यायचा. "म्हणजे बघा," ते बशी खाली ठेवतात, "डायनासोरसुद्धा सीडी ड्राइव्हमधूनच ओरडला." त्यामुळे कॉम्प्युटरला स्पीकर जोडणं हे किरकोळ काम नाही, हे यजमानांनी समजून घ्यावं. शेवट २०१६ च्या 'सैराट'वर. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत हॉलीवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं. "आणि तुम्ही ते मोबाइल तांब्यात उभा करून ऐकता," असं म्हणून ते तांब्याकडे अशा नजरेने बघतात, की वहिनी तो आत नेऊन ठेवतात.

साउंडभाऊंच्या स्वतःच्या घरी हॉलच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा आहेत, आणि लादी पुसणाऱ्या बाईंना त्या पुसायची मनाई आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस अशी, की पुढचे दोन स्पीकर समोरच्या रेषेपासून ३०-३० अंशांवर असावेत आणि मागचे १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. हे कोन मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने काढले गेले. भूमितीच्या पेपराच्या सकाळी घरभर शोधाशोध झाली, तेव्हा तो मागच्या डाव्या स्पीकरखाली टेकू म्हणून सापडला. अंतरंही टेपने मोजलेली. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. स्पीकर फूटभर सरकला, की तेवढी चूक. आईंनी केर काढताना स्टँड हलवला, तर साउंडभाऊ संध्याकाळी दारातूनच ओळखतात.

या सगळ्या गणितात अडचण एवढीच, की ते एका माणसासाठी आहे. नवापूरच्या घरात सिनेमा एक माणूस बघत नाही.

आई गेली कित्येक वर्षं ज्या भिंतीला टेकून बसतात, तिथेच आता मागचा डावा स्पीकर आहे. सिनेमातले संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. मागून येतात पाऊस, गर्दी, पाखरं, लांबचं कुत्रं. त्यामुळे सगळ्यांनी डोळे पुसत पाहिलेला कौटुंबिक चित्रपट आईंच्या मते अडीच तासांची पावसाळी रात्र होती, आणि त्या कुत्र्याला शेवटपर्यंत कुणी भाकरी घातली नाही. वहिनी स्वयंपाकघरात. दारातून फक्त मधला स्पीकर समोर येतो, म्हणून त्यांना सगळे संवाद पाठ, पण स्फोट झाला होता हे दुसऱ्या दिवशी कळतं. मुलगा हेडफोन लावून गेम खेळतो. दोन कानांतून चारी बाजूंचा भास करून द्यायची सोय विंडोजमध्येच आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते वडिलांना सांगितलेलं नाही. मुलगा समजूतदार आहे.

सबवूफर शेजाऱ्यांच्या वाट्याला. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. विटेची भिंत तिला काय अडवणार? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून या पट्ट्यात मांडणीवरची भांडी वाजली, की माणूस आधी दाराकडे धावतो. साउंडभाऊंचे शेजारी आधी साउंडभाऊंच्या खिडकीत उजेड आहे का ते बघतात.

मधली खुर्ची रिकामीच असते. ज्यांच्यासाठी ती मांडली ते टेबलाखाली असतात.

सबवूफरची जागा ठरवायची एक पद्धत जगभर वापरली जाते. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचं, भरपूर ढोल असलेलं गाणं लावायचं आणि आपण खोलीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे ठोका सर्वांत स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. साउंडभाऊंनी एका रविवारी हे करायला घेतलं आणि नेमके त्याच वेळी पुतणीच्या स्थळाचे पाहुणे पालघरहून दारात आले. खुर्चीवर एक काळी पेटी, ढोलांचा गजर, आणि घरचा कर्ता पुरुष गुडघ्यांवर तिच्याभोवती फिरतो आहे. पाहुण्यांनी मुकाट्याने चपला काढल्या आणि हात जोडले. लग्न जमलं. घराणं धार्मिक आहे, असं मुलाकडच्यांनी सगळीकडे सांगितलं.

२०१२ साली डॉल्बी ॲटमॉस आलं आणि आवाज डोक्यावरूनही येऊ लागला. छतात स्पीकर बसवायचे नसतील, तर वर तोंड करून आवाज छतावर आपटवणारे मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन, परतीच्या गर्दीच्या डहाणू लोकलमध्ये मांडीवर घेऊन, साउंडभाऊंनी तसे दोन आणले. त्यांना सपाट छत लागतं, आणि साउंडभाऊंचं घर कौलारू. पडद्यावरचं हेलिकॉप्टर उतरत्या कौलांना लागून जे घसरलं, ते खुर्चीवर न येता पडवीतल्या कोंबड्यांवर उतरलं. साउंडभाऊंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी जाहीर केलं, की कौलं काढून स्लॅब टाकायचा. वहिनी लग्न झाल्यापासून स्लॅब मागत होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

साउंडभाऊंना सर्वांत न पटणारी गोष्ट म्हणजे याच जिल्ह्यातला तारपा. वारली पाड्यांवर तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. आवाज मध्ये आणि ऐकणारे सभोवार! "सेटिंग पूर्ण उलटं आहे," ते म्हणतात. पण वाजवणाऱ्याला सांगायचा धीर त्यांना झालेला नाही.

तसा धीर त्यांनी एकदा हळदीच्या मांडवात केला. किनारपट्टीवर हळद म्हणजे डीजे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा नियमांत २००० सालापासून लिहिलेली आहे. नियम कागदावर होते आणि कागद मांडवात नव्हता. साउंडभाऊ बॉक्सच्या भिंतीसमोर उभे राहिले, डोळे मिटले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले आणि डीजेच्या पोराला म्हणाले, "अरे, दोन्हीकडून एकच येतंय. हे मोनो आहे."

"मोनोच आहे काका," पोरगा ओरडून म्हणाला. "नाचणारा काय एका जागी उभा राहतो?"

साउंडभाऊंनी खिशातून टेप काढली. मांडवाची लांबी घेतली, रुंदी घेतली, मध्यबिंदू काढला आणि तिथे खडूने फुली मारायला ते खाली वाकले. एवढ्यात नवरदेवाचे मामा आले. त्यांनी टेप बघितली, खडू बघितला आणि मांडववाला समजून खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, अजून पन्नास खुर्च्या लागतील. आणि मोजत नका बसू, कुठेही टाका."