कोपराला लाल दिवा

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत टेनिस कोर्ट शोधायला दुर्बीण लागते; टेनिस एल्बो मात्र घरटी एक. 2004 साली सचिनच्या कोपराने हे दुखणं घराघरांत पोहोचवलं, नाहीतर आपण ‘हात भरून आलाय’ म्हणत तेल चोळून मोकळे झालो असतो. घाटकोपरच्या काकू पोळ्या लाटून, अंधेरीचा कारकून माऊस हाकून आणि दोघेही लोकलची कडी धरून कोपर कामाला लावतात. मग उपचारासाठी काळा चष्मा चढवून लेसरखाली बसतात. मशीन टुक टुक करतं, कातडीला काही कळत नाही. काकूंची शंका रास्त आहे: “चटका बसत नाही, मग पैसे कसले?”

उपचार अगदीच थोतांड नाही. 904 नॅनोमीटरच्या लेसरने काही अभ्यासांत दुखणं थोडे आठवडे कमी झालं. गंमत एवढीच की तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. आणि आपण ऑनलाइन मागवतो खोलीभर लाली पसरवणारा दिव्यांचा पट्टा!

बहुतेक कोपरं वर्षभरात आपसूक बरी होतात. तोवर मनगटाचे व्यायाम करा, आणि काकांना पोळपाटाशी बसवा.